हजरत ईसा (अ.स.) आणि येशू ख्रिस्त : साम्य कोठे, भेद कोठे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय मी स्वतः निवडलेला नाही. तो एका मातेने आणि तिच्या मुलीने मला दिला. मागच्या पालकसभेनंतर त्या भगिनी व्हरांड्यात थांबल्या होत्या. मुलीला मिशनच्या एका शाळेत प्रवेश मिळत होता. त्या म्हणाल्या, "सर, शाळा चांगली आहे, शिस्त आहे. पण तिथं सकाळी प्रार्थना होते. उद्या पोरीच्या इमानाचं काय?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, इतक्यात मुलगीच मध्ये बोलली, "सर, ते लोक ज्यांना येशू म्हणतात ते आणि आपले हजरत ईसा एकच आहेत का?"

आईच्या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे, असे मला त्या वेळी वाटले. म्हणून आधी मुलीच्या प्रश्नाकडे वळू आणि आईच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ.

प्रारंभीच एक कबुली देतो. कॉलेजात असताना माझा एक ख्रिस्ती मित्र होता. आम्ही एका बाकावर बसत असू, एका डब्यातून जेवत असू. त्या काळात वादविवादाच्या काही चित्रफिती पाहून माझ्या डोक्यात वारे शिरले होते. एके दिवशी चार मित्रांच्या देखत मी त्याला म्हणालो, "तुम्ही तीन देव मानता आणि तुमचे पुस्तक बदललेले आहे." तो चिडला नाही. त्याने एवढेच विचारले, "तू बायबल वाचलं का रे?" मी वाचले नव्हते. त्याने पुढे विचारले, "बरं, तुझं कुरआन तरी अर्थासकट वाचलं का?" मित्रांनो, मी मक्तबमध्ये नाजरा पूर्ण केला होता, अनेक सूरह मुखोद्गत होत्या, परंतु अर्थासह मी कुरआन वाचले नव्हते. मी गप्प झालो. त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलला नाही. मी त्याची माफी मागेपर्यंत वर्ष निघून गेले होते. त्या लाजेपोटी मी जे वाचले, त्यातले थोडे आज तुमच्यासमोर ठेवतो.

आपले शेजारी

नागपूरच्या माणसाला ख्रिस्ती धर्म हा काही परका विषय नाही. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी 1845 मध्ये येथे आले. त्यांनी शाळा चालवली, या भागातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला आणि 1863 मध्ये नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज 1883 पासून आहे आणि आपल्या समाजातील कितीतरी मुले तेथे शिकून पुढे आली आहेत. उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट चर्च-संस्थांचे एकत्रीकरण होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेही आपल्या नागपुरातच, 29 नोव्हेंबर 1970 रोजी. कॅथॉलिक पंथाचे कॅथीड्रल सदरमध्ये आहे.

मराठी भाषेशीही त्यांचे नाते जुने आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापले गेले. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी 1811 मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर काढले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा काही काळ नागपुरात व राजनांदगावात गेला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे तो मराठी वाचकाला माहीत आहे.

आपल्या बाजूनेही असे मोठे काम एका शेजाऱ्याने करून ठेवले आहे. वर्ध्याजवळच्या पवनारला राहणाऱ्या विनोबा भावे यांनी अरबी शिकून कुरआनचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्याचे सार ग्रंथरूपाने 1962 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ख्रिस्ती धर्माच्या शिकवणुकीचेही सार त्यांनी काढले. दुसऱ्याचा ग्रंथ हाती घ्यायचा तर आधी त्याची भाषा शिकायची, एवढी त्यांची तयारी होती. मी मात्र दहा मिनिटांची चित्रफीत पाहून निवाडा देत होतो! असो.

नावे वेगळी, माणसे तीच

मराठी बायबल उघडले की आपण प्रथम नावांपाशी अडखळतो. पण थोडे थांबून पाहिले तर बरीच ओळखीची मंडळी भेटतात. नोहा म्हणजे हजरत नूह, अब्राहाम म्हणजे हजरत इब्राहीम, इश्माएल म्हणजे हजरत इस्माईल. योसेफ हे हजरत यूसुफ, मोशे हे हजरत मूसा, दावीद हे हजरत दाऊद, शलमोन हे हजरत सुलैमान, ईयोब हे हजरत अय्यूब आणि योना हे हजरत यूनुस. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे हजरत यह्या. देवदूत गब्रिएल म्हणजे हजरत जिब्रील. आणि मरीया म्हणजे बीबी मरियम.

घराण्याचा हा वृक्ष एकच आहे. म्हणूनच कुरआनने यहुदी व ख्रिस्ती लोकांना 'अहले किताब', म्हणजे ग्रंथधारक, असे वेगळे नाव दिले. मात्र एकाच घराण्यातील भावांत जसा वाटणीच्या वेळी मतभेद असतो, तसे येथेही काही ठिकाणी गंभीर मतभेद आहेत. ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ईश्वर

आपल्या धर्माचा पाया तौहीद. अल्लाह एक आहे, त्याला कोणी जन्म दिला नाही, तो कोणाचा पिता नाही आणि त्याच्या तोडीचे कोणी नाही, हा सूरह इख्लासचा आशय लहान मुलालाही माहीत असतो.

ख्रिस्ती बंधूही स्वतःला एकेश्वरवादीच म्हणवतात, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. मार्कच्या शुभवर्तमानात सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता येशू जे उत्तर देतात, त्याची सुरुवातच परमेश्वर एकच आहे या घोषणेने होते. मग त्रैक्य म्हणजे काय? पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही तीन व्यक्तित्वे असून त्यांचे ईश्वरतत्त्व एकच आहे, असा हा सिद्धांत आहे. 325 मध्ये नायसिया येथे आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदांत तो ठरीव शब्दांत मांडला गेला. तीन देव मानणे हे ख्रिस्ती धर्मशास्त्रातही पापच आहे. तसेच 'पुत्र' या शब्दाने ते शरीरसंबंधातून झालेला मुलगा असा अर्थ घेत नाहीत. तो अर्थ त्यांनाही तितकाच अमंगल वाटतो.

आता आपली भूमिका. कुरआन 'तीन' म्हणण्यास स्पष्ट मनाई करते. ईश्वराच्या ठायी व्यक्तित्वांचा भेद करणे, किंवा ज्याने जन्म घेतला, ज्याला भूक लागली, ज्याने स्वतः प्रार्थना केली, त्याला ईश्वर मानणे मुसलमानाला मान्य नाही. ईश्वर आणि निर्मिती यांच्यामधील रेषा कोठेही पुसली जाऊ नये, हा आपला आग्रह आहे. ख्रिस्ती माणूस म्हणतो की, ईश्वराने प्रेमापोटी स्वतःच ती रेषा ओलांडली. आपण म्हणतो की, तो आपल्या गळ्याच्या नसेहूनही जवळ आहे. जवळ येण्यासाठी त्याला देह धारण करण्याची गरज नाही. मतभेदाचे मूळ हे असे आहे. ते नीट समजले, म्हणजे 'तुम्ही तीन देव मानता' हा आरोप किती उथळ आहे, तेही समजते.

जाता जाता एक लहानशी माहिती. अरबी भाषा बोलणारे ख्रिस्ती लोकही ईश्वराला 'अल्लाह' असेच म्हणतात आणि त्यांच्या अरबी बायबलमध्ये तोच शब्द आहे.

हजरत ईसा (अ.स.)

त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : होय, व्यक्ती एकच; त्यांच्याविषयीची श्रद्धा मात्र दोन प्रकारची.

आधी साम्य पाहू. कुरआनात हजरत ईसांचा नावाने उल्लेख 25 ठिकाणी आहे, आपल्या प्रेषितांचे (स.) 'मुहम्मद' हे नाव 4 ठिकाणी आले आहे. नावाने उल्लेखलेली एकमेव स्त्री म्हणजे बीबी मरियम. त्यांच्या नावाची स्वतंत्र सूरह आहे. ईसा पित्याविना, कुमारी मातेच्या पोटी जन्मले, हे दोन्ही धर्म मानतात. त्यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना बरे केले, मेलेल्यांना उठवले, हेही दोघे मानतात. आपण प्रत्येक ठिकाणी 'अल्लाहच्या आज्ञेने' हे शब्द जोडतो, एवढे कुरआनने आपल्याला शिकवले आहे. कुरआन त्यांना 'मसीह' म्हणते, अल्लाहचा 'कलिमा' म्हणते. ते पुन्हा येतील, ही अपेक्षाही दोन्हीकडे आहे. आपल्याकडे बुखारी व मुस्लिम या हदीस-संग्रहांत त्यासंबंधी हदीस आहेत. तेव्हा जो मुसलमान हजरत ईसांचा अनादर करील, तो आपल्याच ईमानाला धक्का लावील.

आता भेद. पित्यावाचून झालेल्या जन्मावरून ख्रिस्ती लोक त्यांच्या ईश्वरी पुत्रत्वाकडे जातात. कुरआन हजरत आदम (अ.स.) यांचे उदाहरण देते : त्यांना तर पिताही नव्हता आणि माताही नव्हती, तरीही ते अल्लाहचे निर्मित बंदेच होते.

दुसरा आणि सर्वांत मोठा भेद वधस्तंभाचा. येशूंना क्रूसावर खिळले, त्यांचा मृत्यू झाला, तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उठले, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. पुनरुत्थान झाले नसेल तर आपला विश्वासच व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये मात्र सांगितले आहे की, शत्रूंनी त्यांना ठार केले नाही व सुळावरही दिले नाही. त्यांना तसा भास झाला आणि अल्लाहने ईसांना आपल्याकडे उचलून घेतले.

हा केवळ इतिहासातील एका घटनेचा वाद नव्हे. त्यामागे माणसाविषयीची दोन वेगळी चित्रे आहेत. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे आदमाच्या पतनाने मनुष्यजात पापाच्या बंधनात सापडली आणि स्वतःच्या बळावर सुटणे तिला शक्य राहिले नाही. म्हणून तारणाऱ्याने सर्वांच्या पापांसाठी स्वतःचे बलिदान केले. इस्लामच्या शिकवणुकीप्रमाणे आदम चुकले, त्यांनी तौबा केली, अल्लाहने ती कबूल केली आणि प्रकरण तेथेच मिटले. प्रत्येक मूल निष्पाप जन्मते. कोणी कोणाच्या पापाचे ओझे वाहत नाही. माफीचा दरवाजा थेट अल्लाहच्या दारी उघडतो. मध्ये कोणी लागत नाही. मात्र याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. आपल्या कर्माचा जाब आपल्यालाच द्यावा लागणार आहे. वडील हाजी आहेत, आजोबा हाफिज होते, एवढ्याने आपले भागणार नाही.

ग्रंथ

येथे एक चूक आपण नेहमी करतो. कुरआन आणि बायबल समोरासमोर ठेवून आपण तुलना करतो. परंतु ख्रिस्ती माणूस बायबलकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर वेगळी आहे.

आपल्या श्रद्धेप्रमाणे कुरआन हा शब्दशः अल्लाहचा कलाम आहे. तो सुमारे 23 वर्षांत हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरला. हजरत अबू बक्र (र.) यांच्या काळात हजरत झैद बिन साबित (र.) यांनी तो एकत्र केला आणि हजरत उस्मान (र.) यांनी त्याच्या प्रमाण प्रती तयार करून ठिकठिकाणी पाठवल्या. त्यात 114 सूरह आहेत. अरबी मूळ तेच कुरआन. भाषांतर म्हणजे केवळ अर्थ.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट बायबलात जुन्या कराराची 39 व नव्या कराराची 27 मिळून 66 पुस्तके, कॅथॉलिक बायबलात 73. अनेक शतकांत, अनेक लेखकांच्या हातून ती लिहिली गेली. लेखकांना पवित्र आत्म्याची प्रेरणा होती, असे ख्रिस्ती मानतात. पण शब्द माणसांचे, शैली माणसांची, हेही ते मान्य करतात. मत्तय, मार्क, लूक व योहान यांची शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक भाषेत लिहिली गेली, तर येशूंची बोलीभाषा अरामी होती. आपण ज्या इंजीलवर ईमान ठेवतो, ती हजरत ईसांना अल्लाहने दिलेली किताब होय. चार लेखकांनी लिहिलेली त्यांची चरित्रे आणि ती इंजील या दोन गोष्टी सरसकट एक समजता येत नाहीत.

ख्रिस्ती धर्मात 'देवाचा शब्द' या पदाचा पहिला अर्थ पुस्तक असा नाही; त्यांच्या मते तो शब्द येशूच्या रूपाने देहधारी झाला. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच या विचाराने आहे. म्हणजे आपल्याकडे जे स्थान कुरआनाचे, ते त्यांच्याकडे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे. हे ध्यानात आले, तर एकमेकांचे अर्धे वाद मिटतात. आपल्याला कुरआनच्या पानाचा अनादर का सोसवत नाही, हे त्यांना कळेल. येशूविषयी हलके बोललेले त्यांच्या किती वर्मी लागते, हे आपल्याला कळेल.

'त्यांनी ग्रंथ बदलला' हा आरोप आपल्या तोंडी फार असतो. पूर्वीच्या ग्रंथांत फेरबदल झाला, असे आपण मानतो हे खरे. परंतु तो शब्दांत झाला की अर्थ लावण्यात, यावर आपल्याच विद्वानांत पूर्वापार मतभेद आहेत. ज्या प्रश्नावर आलिम लोक जपून बोलतात, त्यावर नववीतल्या मुलाने मधल्या सुट्टीत फैसला देऊ नये.

मग वागावे कसे?

कुरआनने ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच बोलण्याची आज्ञा दिली आहे. दुसऱ्यांच्या पूज्यांना शिव्या देऊ नका, असेही बजावले आहे. त्यांचे अन्न आपल्याला हलाल ठरवले आहे. मैत्रीत सर्वांत जवळचे कोण, तर जे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात ते, असे सूरह माइदामध्ये सांगितले आहे.

इतिहास पाहा. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा, सन 615 च्या सुमारास, प्रेषितांनी (स.) आपल्या अनुयायांना हब्शाच्या नजाशीकडे पाठवले. तो ख्रिस्ती राजा होता. मक्केच्या लोकांनी पाठलाग करून त्यांना परत मागितले. भर दरबारात हजरत जाफर (र.) यांनी सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्याने मुसलमानांना शत्रूच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. विचार करा, जाफर (र.) यांनी मतभेद लपवले नाहीत. ईसांविषयी विचारले तेव्हा ते अल्लाहचे बंदे व रसूल आहेत, असेच त्यांनी सांगितले. पण सुरुवात मरियमपासून केली. सीरतच्या ग्रंथांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाचीही हकीकत आहे. ते मदिनेत आले असता त्यांना मस्जिदे नबवीत आपली प्रार्थना करू दिली गेली. चर्चा झाली, एकमत झाले नाही, तरीही करार झाला आणि ते सुरक्षित परतले.

अलीकडच्या काळातही असे प्रयत्न झाले आहेत. कॅथॉलिक चर्चने 1965 च्या घोषणापत्रात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आणि ते एकाच ईश्वराची उपासना करतात, येशूला प्रेषित मानतात, मरियमचा मान राखतात, याची नोंद घेतली. 2007 मध्ये 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना खुले पत्र लिहून ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील प्रेम ही दोन्ही धर्मांची समान भूमी असल्याचे मांडले. 2019 मध्ये अबुधाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या निवेदनावर एकत्र सह्या केल्या.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येतो. प्रथम कायद्याची गोष्ट. भारतीय संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणावरही धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही; विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. हा तुमचा हक्क आहे. शाळेत जाऊन नम्रपणे सांगा. भांडण्याची गरज नाही. आणि 30 व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा जो हक्क दिला आहे, त्याच हक्काने त्यांच्या शाळा चालतात आणि आपलीही संस्था चालते, हेही विसरू नका.

पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पुरतो. मुलीचे ईमान फाटकात राहत नाही, ते घरी घडते. तिला सूरह इख्लास पाठ आहे, तिचा अर्थ येतो का? नमाज येते, पण त्या नमाजमध्ये आपण काय बोलतो, हे तिला कोणी सांगितले का? ते सांगितले असेल तर दुसऱ्याची प्रार्थना कानावर पडल्याने ती डळमळणार नाही. सांगितले नसेल तर आपल्याच शाळेत बसवूनही ती सुरक्षित नाही. रोज मगरिबनंतर दहा मिनिटे काढा. एक आयत आणि तिचा तर्जुमा. उर्दूत वाचा, हिंदीत वाचा, मराठीत वाचा; पण मुलांबरोबर बसून वाचा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगेन. ख्रिस्ती मित्राने तुमच्या धर्माविषयी विचारले तर जे ठाऊक आहे ते सांगा. जे ठाऊक नाही तेथे 'विचारून सांगतो' असे म्हणा. त्यात कमीपणा नाही. त्याच्या श्रद्धेविषयी बोलायचे झाले तर ती त्याच्याच तोंडून ऐका. आणि मोबाइलवरील चित्रफितीतून मिळालेली वाक्ये मित्राच्या तोंडावर फेकू नका. मी फेकली होती. त्या दिवशी वादही मी जिंकला नाही आणि मित्रही गमावला.

त्या मुलीला मी व्हरांड्यात जे सांगितले, ते सांगून रजा घेतो. मी म्हणालो, "बेटी, कोणी येशूचे नाव घेतले तर घाबरू नकोस. त्यांचे नाव आपल्या कुरआनात आहे. तू मनातल्या मनात 'अलैहिस्सलाम' म्हण. आणि घरी गेल्यावर अम्मीबरोबर सूरह मरियम अर्थासह वाच." आई म्हणाली, "सर, मीसुद्धा अजून अर्थासह वाचलेली नाही." मी म्हटले, "मग दोघी मिळून सुरुवात करा."

अल्लाह आपणा सर्वांना समजून घेण्याची आणि समजावून सांगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.